पुलापर्यंत गप्प

थोरलीचं मत विचारायची वेळ सहसा कुणावर येत नसे. विचारण्याआधीच ते मिळून जायचं, तेही आग्रहाने वाढल्यासारखं. घरात ती थोरली, धाकट्या भावाची ताई, आणि इंटरनेटवर सत्तावीस हजार लोकांची ‘दातओठ’. या नावाने ती व्हिडिओ गेम, त्यांच्यावरून निघालेले ॲनिमे (जपानी धाटणीच्या कार्टूनमालिका) आणि सिनेमे यांच्यावर लिहायची. लिहायची म्हणजे बहुतेक वेळा सोलून काढायची.

नाव तिला कामावरून सुचलं होतं. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. सकाळी नऊला ॲप्रन चढवायचा, दातांच्या डॉक्टरांकडून आलेले प्लॅस्टरचे साचे टेबलावर मांडायचे आणि लाल मेणात एकेक दात बसवत जायचं. माणसाच्या तोंडात दोन दात कधी सारखे नसतात, हे तिला बोटांनी माहीत होतं. स्वतःच्या वडिलांची कवळी बनवताना तिने डावीकडचा एक दात मुद्दाम किंचित तिरका बसवला होता, कारण त्यांचा खरा दात तसाच होता. त्यामुळे ॲनिमेतल्या एखाद्या पात्राने तोंड उघडलं आणि आत दातांऐवजी सरळसोट पांढरी पट्टी दिसली, की तिचं डोकंच फिरायचं. बाकी जग ज्या ॲनिमेवर जीव टाकायचं, त्यावर ही बाई तीन परिच्छेद दातांवर खर्च करायची.

पण ती नुसती खुसपटं काढणारी नव्हती, हेही सांगायला हवं. गेमवरून सिनेमा का फसतो, हे तिच्याइतकं नेमकं फार कमी लोक सांगत. एकदा तिने लिहिलं होतं, ‘गेममध्ये एक दार उघडायला तुम्ही चाळीस मिनिटं घाम गाळता, म्हणून ते दार तुमचं होतं. सिनेमात तेच दार नायक एका लाथेत उघडतो आणि वर दिग्दर्शक विचारतो, लोकांना गहिवरून का येत नाही?’ आणि वीस भागांची कथा दोन तासांत कोंबली की तिचं ठरलेलं वाक्य असायचं: मापात न बसणारी कवळी, दिसायला दात, खायला काही नाही.

आता सगळ्या गेममध्ये तिचा जीव अडकलेला गेम एकच, ‘घंटावाली’. जुना, साधा, चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांचा. एक बाई तडा गेलेली घंटा पाठीला बांधून सात दऱ्यांतून डोंगर चढून जाते, बस एवढंच. ती गेमभर एक शब्द बोलत नाही. वाटेत लोक तिला हजार गोष्टी विचारतात, ती ऐकून घेते आणि चालायला लागते. लहानपणी घरात एकच कंट्रोलर होता, तोही कुणीतरी वापरून दिलेला. उड्या मारायच्या असल्या की तो थोरलीच्या हातात आणि नुसतं चालायचं असलं की धाकट्याच्या, अशी वाटणी होती. धाकट्याला चालायलाच आवडायचं. तो डोंगर बघत बघत इतका हळू चालायचा, की थोरली वैतागून त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

हाच धाकटा पुढे चित्रं हलवायला शिकला आणि आता ‘घंटावाली’वरचा पावणेदोन तासांचा सिनेमा करत होता. ही बातमी सगळीकडे झाली होती. ‘दातओठ’चे वाचक तिच्यामागे हात धुऊन लागले होते: तुमचं मत काय, चांगला होईल का, बाईला आवाज कोण देणार? थोरलीने त्यावर अवाक्षर लिहिलं नव्हतं. दिग्दर्शक आपला सख्खा भाऊ आहे आणि चार वर्षांत तो आपल्याशी बाबांच्या गोळ्या आणि विजेचं बिल यापलीकडे बोललेला नाही, हे ती वाचकांना कुठल्या तोंडाने सांगणार?

ते का झालं, हे कळायला आधी पुलाचा नियम कळायला हवा.

बाबा पूर्वी एका सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवत. दुपारच्या खेळाला दोन्ही पोरं मागच्या रांगेत फुकटात बसायची. खेळ सुटायचा तेव्हा पुढच्या खेळाची रांग बाहेर उभीच असायची. नऊ वर्षांची थोरली एकदा बाहेर आली आणि भरल्या रांगेसमोर मोठ्याने म्हणाली, “बघितलंस? डॉक्टरच खुनी निघाला!” रांगेतून अशी काही आरोळी उठली की विचारू नका. चौघे जण सरळ खिडकीशी जाऊन तिकिटं परत घ्या म्हणाले. मॅनेजरने बाबांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. त्या दिवशी बाबांनी नियम केला: सिनेमा संपला की कालव्यावरचा पूल येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पुलाच्या मधोमध पोचलं, की मग काय बोलायचं ते बोला.

दारापासून पुलापर्यंत पाचशे चाळीस पावलं होती. थोरलीने मोजली होती, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. पाच वर्षांचा धाकटा दोन्ही हातांनी तोंड दाबून चालायचा. पहिले काही आठवडे दोघं नुसती तडफडायची. मग हळूहळू एक गंमत त्यांच्या लक्षात आली. दाराशी असलेलं मत पुलापर्यंत टिकत नसे. दाराशी जो सिनेमा भंकस वाटायचा, त्यातला एखादा चेहरा दोनशेव्या पावलाला परत यायचा आणि पुलावर पोचेपर्यंत मत पार उलटं झालेलं असायचं. मोठेपणी सिनेमागृहाच्या जागी फर्निचरचं दुकान आलं, तरी भाऊबहिणीने नियम सोडला नाही. कुठेही सिनेमा बघितला तरी पूल गाठायचा आणि मगच तोंड उघडायचं.

हा नियम थोरलीने आयुष्यात एकदाच मोडला.

धाकट्याची पहिली फिल्म बारा मिनिटांची होती. एका छोट्या महोत्सवात ती दाखवली तेव्हा तो तिच्या शेजारी बसला होता. फिल्ममध्ये एक म्हातारा रस्त्याने चालत असतो. वाणी त्याला काही विचारतो, पोलीस विचारतो, शेजारीण विचारते. तो उत्तर देत नाही, नुसता चालतो. थोरलीला वाटलं, हा उगाच गंभीर दिसण्याचा आव आहे. त्या सुमारास तिचे वाचक भराभर वाढत होते आणि सगळ्यांच्या आधी मत देणारी म्हणून तिचा बोलबाला होता. शिवाय आपण भावालाही सोडत नाही, असा एक सूक्ष्म माजही होताच. अंधारात तिने मोबाइल मांडीवर घेतला आणि लिहिलं: ‘नायक मुका आहे, कारण बनवणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.’

वाक्य झणझणीत होतं. ती दोघं पुलावर पोचेपर्यंत ते साडेतीन हजार लोकांनी पुढे पाठवलं होतं, आणि त्यांपैकी कुणीतरी ते धाकट्यालाही पाठवलं. पुलाच्या मधोमध तो थांबला, मोबाइल वाचला, खिशात ठेवला आणि म्हणाला, “चल, उशीर झाला.” थोरली त्यानंतर कितीदा तरी माफी मागायला गेली आणि प्रत्येक वेळी गोळ्यांची चौकशी करून परत आली.

म्हणूनच त्याचा निरोप आला तेव्हा तिच्या हातातला दात खाली पडला. ‘रविवारी सकाळी अकराला स्टुडिओत ये. एकटीच. दहा दिवसांनी सिनेमा हातातून जाणार, मग काही बदलता येणार नाही.’

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिना चढतानाच रबराचा वास यायचा. भिंतीवर दऱ्यांची चित्रं टाचण्यांनी लावलेली, टेबलांवर अर्धवट प्यालेले कप. धाकट्याने तिला खुर्ची दिली, पडदे ओढले आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. त्याला बसवत नव्हतं.

आणि सिनेमा चांगला होता! थोरलीने पहिल्या दहा मिनिटांत मनातली तलवार म्यान केली. डोंगर तेच होते, ज्यांच्याकडे बघत तो लहानपणी रेंगाळायचा. घंटेचा तडा बरोबर उजवीकडे होता. पायवाटेवरचे दगडसुद्धा ओळखीचे वाटत होते. फक्त एक गोष्ट होती. घंटावाली बोलत होती. आणि बोलत म्हणजे किती! थकली की ‘मी थकलेय’, रडायला लागली की ‘मला रडू येतंय’. शेवटच्या सातव्या दरीत बर्फाचं वादळ सुटतं आणि ती एकटी वर चढते, तिथे तर ती सात मिनिटं सलग आपल्या मनातलं सांगत होती. थोरलीला ओरडावंसं वाटलं, अगं बाई, गप्प बस ना जरा, मला तुझ्याबरोबर चढू दे!

दिवे लागले. थोरलीच्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती, एकाहून एक धारदार. तिने तोंड उघडलं.

“पुलापर्यंत,” धाकटा म्हणाला.

दोघं निघाले. टायरवाल्याच्या गल्लीतून मोठा रस्ता, मग छपाईची दुकानं, मग फर्निचरचं दुकान, जिथे काचेआड कुणाच्यातरी स्वप्नातला सोफा ठेवला होता. पहिली शंभर पावलं थोरली ती तीन वाक्यं घासूनपुसून लखलखीत करत होती. दोनशेव्या पावलाशी तिला शेजारून चालणाऱ्या भावाच्या कानामागे पांढरे केस दिसले. छत्तीसच वर्षांचा आहे की हा, असं तिच्या मनात आलं आणि एक वाक्य गळून पडलं. पुढे तिला ती सात मिनिटं पुन्हा दिसायला लागली. तिचे डोळे सवयीने तोंडाकडेच गेले, दुसरीकडे कुठे जाणार? आणि ती रस्त्यातच थबकली.

शेवटच्या सात मिनिटांत घंटावालीचं तोंड दिसतच नव्हतं. वारा लागू नये म्हणून तिने नाकापर्यंत रुमाल बांधला होता. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकदाही तो सुटत नव्हता. गेममध्ये असा रुमाल नव्हताच.

धाकट्याने तिच्याकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. पूल अजून ऐंशी पावलं लांब होता.

पुलाच्या मधोमध कठड्याला टेकून थोरली म्हणाली, “तो रुमाल तू बांधलास.”

“हो.”

“म्हणजे तिथे ती बोलणारच नव्हती.”

धाकटा म्हणाला, “कुठेच बोलणार नव्हती ताई. चित्रं सगळी तशीच काढली होती. मग मीटिंग झाली. निर्मातीबाई म्हणाल्या, सात मिनिटं शब्द नाही, लोक उठून जातील. मी भांडलो. तर त्यांनी मोबाइल काढून एक वाक्य वाचून दाखवलं. नायक मुका आहे, कारण बनवणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. त्यांना बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, ते माझ्याबद्दलच होतं म्हणून. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. मग माझ्याच्याने भांडवेना. मी म्हटलं, बोलू दे तिला.”

आपल्या सगळ्यांत आवडत्या बाईला बोलतं करून बिघडवलं कुणी, तर आपणच. चार वर्षांपूर्वी, अंधारात, अंगठ्याने.

“मी एक सांगू?” ती म्हणाली. “मी शेवट बघितलाच नव्हता.”

“कशाचा?”

“तुझ्या त्या फिल्मचा. शेवटची दोन मिनिटं मी खाली मान घालून ते वाक्य लिहीत होते. दिवे लागले तेव्हाच वर बघितलं.”

धाकटा चिडेल, असं तिला वाटलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून मोबाइल काढला, काहीतरी शोधलं आणि तिच्या हातात दिला. “मग आता बघ.”

भर दुपारी, पुलावरून सायकली जात असताना, थोरलीने ती फिल्म बघितली. म्हातारा चालत होता. वाणी, पोलीस, शेजारीण. शेवटची दोन मिनिटं आली. म्हातारा एका पुलावर पोचतो. पुलाच्या मधोमध दोन लहान मुलं उभी असतात, एक मुलगी आणि एक तिच्याहून धाकटा मुलगा, दोघांनी दोन्ही हातांनी तोंडं दाबून धरलेली. म्हातारा त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहतो. मुलं तोंडावरचे हात काढतात. आणि तिघंही एकदम बोलायला लागतात, हातवारे करकरून, एकमेकांचं वाक्य तोडून, इतकं की खालच्या पाण्याच्या आवाजात काही कळत नाही, फक्त ते किती खूश आहेत तेवढं दिसतं.

थोरली रडली. सायकलवाले बघत होते, तरी रडली. धाकट्याने तिच्या पाठीत हलकासा धपाटा घातला, लहानपणी खाल्लेल्या सगळ्या धपाट्यांच्या बदली एक.

“मी लिहिते,” ती नाक पुसत म्हणाली. “सगळ्यांना सांगते.”

“नको ताई. तुझे लोक तुलाच फाडून खातील.”

“माझ्याकडूनच शिकलेत ना ते? खाऊ देत.”

पण या वेळी तिने घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लॅबच्या पायरीवर बसून लिहीत राहिली, ॲप्रनवर मेणाचे डाग तसेच. संध्याकाळी लिहिलेलं घेऊन ती पुलापर्यंत चालत गेली, मधोमध उभी राहून पुन्हा वाचलं, दोन ठिकाणी स्वतःला दिलेली सूट खोडली आणि मगच पाठवून दिलं.

‘चार वर्षांपूर्वी मी एका बारा मिनिटांच्या फिल्मबद्दल एक वाक्य लिहिलं होतं,’ असं तिने लिहिलं. ‘ते तुम्हाला आवडलं. ते लिहिण्याच्या नादात मी फिल्मचा शेवट बघितला नाही. शेवट न बघता मत दिलं, आणि शेवटातच सगळं होतं. ती फिल्म माझ्या भावाची आहे. तो मुका नायक आमचे वडील आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, ते आमच्यासाठी राखून ठेवत होते. ते वाक्य मी मागे घेते. ते तुम्ही कुठे वापरलं असेल, कुणाला गप्प करायला किंवा बोलतं करायला, तर तेही मागे घ्या.’ खाली तिने फिल्मचा दुवा दिला.

व्हायचं ते झालं. कुणी ढोंगी म्हटलं, कुणी म्हणालं भावाच्या सिनेमाची जाहिरात चाललीय. तीन दिवसांत सहा हजार वाचक निघून गेले. थोरलीला वाईट वाटलं, उगाच खोटं का बोला. ते वाचक तिने एकेक जोडले होते. पण फिल्म लोकांनी बघितली. कुणी लिहिलं, मी आईशी दोन वर्षांनी बोललो. कुणी नुसतंच लिहिलं, पूल.

पाचव्या दिवशी धाकट्याचा फोन आला. “निर्मातीबाईंनी बोलावलं होतं,” तो एका दमात म्हणाला. “फिल्म बघितली म्हणे त्यांनी. मग म्हणाल्या, तुझी ती सात मिनिटं बिनशब्दांची लाव बघू. लावली. नुसता वारा आणि घंटा. संपल्यावर म्हणाल्या, पुन्हा लाव. ताई, चित्रं बदलायची गरजच नाही ना, तोंड झाकलेलंच आहे! आधीच्या दऱ्यांतलंही निम्मं बोलणं काढतोय. सगळं नाही निघणार, बोलण्यासाठी तिथे ओठ नव्याने काढलेत, आता बदलायला वेळ नाही.”

“निम्मं तर निम्मं,” थोरली म्हणाली आणि हातातली कवळी साच्यावर उलटी बसवून बसली.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या पहिल्या खेळाला तिघं गेले, बाबा मध्ये. सातवी दरी आली. वारा सुटला. घंटावालीने रुमाल बांधला आणि चढायला लागली. मागून एका लहान मुलीचा आवाज आला, “आई, ती बोलत का नाही?” आई हळूच म्हणाली, “तिला वर पोचू दे.” त्यानंतर सात मिनिटं सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. धाकट्याने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. थोरलीचा मोबाइल घरी होता, मुद्दाम ठेवलेला.

बाहेर आल्यावर बाबा काही न बोलता पुलाच्या दिशेने वळले. आता त्यांना पुलापर्यंत चालायला चांगला अर्धा तास लागायचा. ते काठी टेकत चालले, ही दोघं त्यांच्या दोन बाजूंनी. छपाईची दुकानं मागे पडली, फर्निचरचं दुकान मागे पडलं. थोरली पावलं मोजत होती, पण मध्येच आकडा चुकला आणि तिने तो सोडून दिला.

पुलाच्या मधोमध बाबा थांबले, काठी कठड्याला लावून ठेवली आणि म्हणाले, “हं. बोला आता.”

धाकटा थोरलीकडे बघत होता. न विचारता मत देणारी ती बाई, तिच्या घशातून शब्द फुटेना.

“ताई, बोल ना,” तो म्हणाला. “वाईट असलं तरी चालेल.”

“दात,” थोरली म्हणाली.

“काय?”

“पहिल्या दरीतला तो नावाडी. हसतो तेव्हा तोंडात पांढरी पट्टी आहे नुसती. एक दात वेगळा काढला नाहीस तू. इतका सुंदर सिनेमा केलास, रडून रडून माझा जीव गेला, आणि दात!”

“नाव चालवणाऱ्याचे दात कोण बघतं?”

“मी बघते!”

“मीपण बघितले,” बाबा म्हणाले आणि हसले, तेव्हा त्यांचा डावीकडचा तिरका दात दिसला. “पण त्या नावेचं वल्हं बघितलंत का? आणि ती घंटा वाजते तेव्हा...”

“थांबा बाबा, ते मी सांगते...”

“नाही, मी काढलंय, मी सांगतो...”

आणि तिघंही एकदम बोलायला लागले.